आतिनचा चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून

दोन हजार दहा साल. तेव्हा जावा बेटावरच्या तुलुंगागुंगच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीतली एक तरी लेक हाँगकाँगला नाहीतर तैवानला लोकांच्या घरी कामाला गेलेली असायची. रविवारी संध्याकाळी घराघरातून आयांचे चढे आवाज ऐकू यायचे, "जेवलीस का गं? ऐकू येतंय का?" वागिनाह त्यांतलीच एक. शेंगदाण्याची चटणी कुटून विकायची. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिची लेक आतिन हाँगकाँगहून सुट्टीवर आली तेव्हा एक जुना लॅपटॉप ठेवून गेली होती. शेजारच्या इंटरनेटच्या दुकानातून भिंतीवरून वायर ओढून घेतलेली. आवाज नीट यायचा, चित्र मात्र नाही. आतिनचे शब्द आधी यायचे, ओठ मागून हलायचे, आणि मग चेहऱ्याचे चौकोन चौकोन होऊन जायचे. मागे तपकिरी काहीतरी दिसायचं, वरून दोन गोंडे लोंबायचे. वागिनाहनं ठरवून टाकलं होतं की ते मॅडमच्या, म्हणजे लेकीच्या मालकिणीच्या, रेशमी पडद्याचे गोंडे. गल्लीभर सांगूनही झालं होतं.

"बरी आहेस ना?" ती विचारायची.

"इंगिह, इबू," आतिन म्हणायची.

इबू म्हणजे आई, आणि इंगिह म्हणजे होय जी. पण जावातल्या माणसाला मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यामुळे ऐकलं, कळलं, बघू, या सगळ्यालाही इंगिहच. कधी कधी तर साफ नाही असलं तरी इंगिह. वागिनाहनं सासूच्या हाताखाली इंगिह म्हणत अर्धा जन्म काढला होता, त्यातलं मनापासूनचं एकही नव्हतं. म्हणून लेकीचं इंगिह तिला दातात अडकलेल्या कुसळासारखं टोचायचं. बोलताना तोंड दिसलं असतं, तर खरं-खोटं कळलं असतं. इंटरनेटच्या दुकानात जाऊन बोलावं, तर तिथं खेळ खेळणाऱ्या पोरांचा कालवा.

शेवटी बाजारामागच्या दुरुस्तीच्या दुकानात ती लॅपटॉप घेऊन गेली. दुकान प्रान्योतोचं. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला वाघ.

"वायर चांगली आहे, इबू. प्रोसेसर थकलाय याचा. एकच बैल, आणि त्यालाच नांगर, त्यालाच गाडी. आवाज ओढतो, चित्र ओढायला दम उरत नाही."

"मग?"

"मेलेल्या एका लॅपटॉपातला काढून ठेवलाय माझ्याकडे. दोन बैलांचा. याच खोबणीत बसतो."

"बसतो, की बसेल बहुतेक?"

"इंगिह."

"प्रान्योतोभाऊ, तुझं हे इंगिह होय आहे की नाही?"

तो पोट हलवत हसला. "होय, होय! सासरी म्हणतो ते निराळं."

दुरुस्तीला न्यायच्या आधी आतिनला सांगितलं, तर ती एकदम म्हणाली होती, "नको ना, इबू. दिसतंय तेवढं पुरे आहे. म्हातारं यंत्र उघडलं की मरतंच." पोर काटकसरी आहे, असं वागिनाहला वाटलं होतं.

ती दुकानातच स्टुलावर बसून राहिली. त्यानं कळफलक उचलला, पंख्यातली धूळ जाड गोधडीसारखी ओढून काढली, तांब्याची नळी सोडवली. खोबणीचा स्क्रू अर्धा फिरवल्यावर जुनी चकती अलगद हातात आली. बिस्किटाएवढी, खालून बारीक सोनेरी काट्यांनी भरलेली. नवी बसवताना मात्र त्याची बडबड थांबली. एक काटा वाकला तरी संपलं. वर पांढरा लेप लावून त्यानं नळी आवळली. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. वागिनाहनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. त्यानं काहीतरी पुन्हा काढून बसवलं, आणि उजेड आला.

"घ्या. आता लेकीच्या नाकावरचा तीळसुद्धा मोजा."

रविवारी पडद्यावर आतिन आली ती अगदी समोर बसल्यासारखी. ओठ आणि शब्द बरोबर. वागिनाहला हसू फुटलं, आणि तिथंच अडलं. लेकीची हनुवटी टोकदार झाली होती. मागे तपकिरी दिसायचं ती एकावर एक रचलेली खाटांची उतरंड होती, दोऱ्यांवर बायकांचे कपडे. आणि वरचे गोंडे हलले. ते पाय होते. वरच्या खाटेवर कुणी मुलगी पाय सोडून बसली होती.

"हे मॅडमचं घर नाही," वागिनाह म्हणाली.

आतिननं विचारलं, "दिसतंय तुला?"

"सगळं."

"पळून आलेल्या बायकांना आसरा देणारं घर आहे. मॅडमनं इस्त्री लावली हाताला. मी पळाले. केस चालू आहे."

"कधीपासून?"

"पाऊस संपल्यापासून."

म्हणजे इतके सगळे रविवार. वागिनाहचा आवाज चढला. "मिळेल त्या विमानानं घरी ये. केस गेली चुलीत. ऐकलंस ना, न्दुक, पोरी?"

आता इंगिह येईल, याची ती वाट बघत होती. खोटं का असेना. रात्र निघाली असती.

"एमोह, इबू."

एमोह. अंघोळ नको म्हणून हटून बसलेलं पोर म्हणतं, तो शब्द. मोठ्या झालेल्या लेकीनं आईला तो म्हणायचा नसतो. वागिनाहला कानफटात बसल्यासारखं झालं. वरचे पाय चटकन वर ओढले गेले.

"आईला एमोह म्हणतेस?"

"मी निघाले की केस बंद होते. त्या घरात दुसरी पोर आणलीय मॅडमनं. मादुरा बेटावरची आहे. मी पाहिलीय तिला, इबू. कोवळी आहे."

वागिनाहला लॅपटॉप मिटावासा वाटला. हात झाकणापर्यंत गेलाही. मग ती म्हणाली, "हात दाखव."

आतिननं डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला. कातडी चुरगळलेल्या कागदासारखी, दोन बोटं मिटलेली. वागिनाहनं नजर वळवली नाही.

"आता दुसरा."

दुसरा धड होता. तोही तिनं तेवढाच वेळ पाहिला.

केस आतिन हरली. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. मादुराच्या मुलीला तोवर घरी पाठवून दिलं होतं, तिचा पत्ता पुढं कुणाला लागला नाही. पाय सोडून बसणारी मुलगी लाम्पुंगची निघाली, ती तिकडेच लग्न करून राहिली. प्रान्योतोनं पुढं लॅपटॉप सोडून मोबाइल धरले, पोट आणि बडबड दोन्ही वाढली. आतिन दुसऱ्या घरी काम करून चार वर्षांनी परत आली. आता बस स्टँडसमोर आईचीच चटणी विकते. वागिनाह गेल्याला बरीच वर्षं झाली. आतिन परतल्यावर वागिनाहनं मॅडमच्या घराविषयी कधी अवाक्षर काढलं नाही, पण इस्त्रीचे कपडे तिनं परत अंगाला लावले नाहीत. ईदलासुद्धा ती चुरगळलेल्या बाटिक लुंगीतच नमाजाला जायची, आणि बायका हसल्या तर हसू द्यायची.