रिकामी न परतणारी वाटी

मित्रांनो, माझं वय विचारू नका, माझं बूड पाहा. तिथे एका बाजूला पोचा आहे. त्यामुळे कितीही सपाट जागी ठेवलं तरी मी नीट बसत नाही, डुगडुगते. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. मी स्टीलची एक जुनी वाटी आहे, तीही चटणीची, म्हणजे वाट्यांमध्ये सगळ्यांत धाकटी. पण या धाकटीने जे पाहिलं ते घरातल्या हंड्याकळशांनी पाहिलेलं नाही.

चौऱ्याऐंशी साली जयाचं लग्न झालं, तेव्हा तिच्या बापाने ठाण्याच्या बाजारातून आम्हां सहा बहिणींना विकत घेतलं. दुकानदाराने यंत्राची सुई पोटावर टेकवली आणि ‘सौ. जया गोपीनाथ’ असं नाव कोरलं. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की विचारू नका. नाव घालावंच लागतं. आमच्या बाळकुम गावात लग्नकार्य निघालं की भांडी घरोघर फिरतात आणि नाव नसेल तर ती कुणाच्या फळीवर जाऊन बसतील याचा नेम नसतो. नाव असूनही माझ्या पाच बहिणी अशाच कुठेकुठे गेल्या. मी तेवढी उरले. एका हळदीच्या पंगतीत वाढणाऱ्याचा पाय माझ्यावर पडला आणि हा पोचा कायमचा राहिला.

आमच्या आळीचा एक रिवाज तुम्हाला आधी सांगायला हवा. शेजारणीने वाटीतून काही पाठवलं, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. जयाची सासू भागीरथी या रिवाजाची मोठी अभिमानी. तिने सुकटीची चटणी वाटली की पहिली वाटी शेजारच्या गंगुबाईकडे. ती वाटी बहुतेक मीच असे. जाताना मी तिखट जाई, येताना गोड येई. मला हे येणंजाणं फार आवडायचं. दोन घरांना बांधून ठेवणारी मीच, असा माझा तोरा होता.

जया हसरी, हाताला चव असलेली. पण तिचं अंग वाढत गेलं. आधी लोकांनी ‘सुखाचं अंग’ म्हणून कौतुक केलं, मग कुजबुज सुरू झाली. त्र्याण्णव साली तिचं वजन एकशे एकवीस किलो होतं. गुडघे दुखत, साखर वाढलेली, रात्री आडवं पडलं की श्वास कोंडायचा. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर पंचेचाळिशी दिसणं कठीण. तिचा नवरा गोपीनाथ घाबरला. कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, मुंबईत एक ऑपरेशन करतात, पोटाला आतून टाके मारून वरचा कप्पा लहान करतात. म्हणजे थोडं खाल्लं की पोट भरतं. भागीरथीने कपाळाला हात लावला. खातंपितं पोट कापून लहान करायचं, हे तिच्या डोक्यात शिरेना. पण जया हट्टाला पेटली. ऑपरेशन झालं.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी गोपीनाथला सांगितलं, ‘‘घरातली सर्वांत लहान वाटी घेऊन या.’’ म्हणून मी मुंबई पाहिली. डॉक्टरांनी सुई नसलेल्या सिरिंजने माझ्यात पाणी मोजून घातलं आणि मान डोलावली. ‘‘एका वेळी एवढंच. अर्धा तास लावून, चमच्या-चमच्याने. यापेक्षा जास्त नाही.’’

मित्रांनो, त्या दिवशी मी वाटी न राहता माप झाले.

सुरुवातीचे दिवस आठवले तरी माझी कड थरथरते. टॅक्सीतून घरी येताना जयाने पोटावर उशी दाबून धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होती. डाळीच्या पाण्याचे तीन चमचे झाले की तिला मळमळायचं. चौथा घेतला तर सगळं बाहेर. केस मुठीमुठीने गळले. एकदा तिने माझ्याकडे बघत म्हटलं, ‘‘एवढीशी वाटी, आणि ती पण संपत नाही गं माझ्याकडून.’’ आणि ती रडली. जखम भरत होती, पण रात्रंदिवस चुळबूळ चालू. बसवत नाही, निजवत नाही. मला पुढ्यात घेऊन ती बोटाने माझी कड दाबायची आणि सोडायची. मी डुगडुगत राहायची. आमचं दोघींचं असं जमलं.

गोपीनाथने मात्र नियम कडक पाळला. जयाचं ताट, तिचा मोठा पेला, सगळं माळ्यावर टाकलं. ‘‘आजपासून जयाचं जेवण ते या वाटीत. वाटीबाहेर एक घास नाही,’’ असं त्याने घरात बजावलं. दीड वर्षात जया ब्याऐंशीवर आली. मग काय विचारता! आळीतल्या बाया मला बघायला यायच्या. ‘‘हीच का ती वाटी?’’ म्हणून उचलून, उलटी करून बघायच्या. मी फुगून गेले. पण नव्याची नवलाई नऊ दिवस, दुसरं काय.

चूक कुठे झाली ते आता ऐका. चूक कुणाच्या दुष्टपणाने झाली नाही. जयाला भाकरी अडकायची, मटणाचा तुकडा अडकायचा. खीर मात्र अलगद सरकायची. गूळ घातलेला नारळाचा रस सरकायचा, आइसक्रीम तर विचारायलाच नको. हे आळीला कळलं. झालं! मी गंगुबाईकडे चटणी घेऊन गेले की शेवयांची खीर घेऊन परत यायची. पुढच्या घरी कालवण घेऊन गेले की रसाने भरून यायची. वाटी जयाची, तेव्हा वाटीतलं जयाचं, हे घरात ठरलेलंच होतं. भागीरथी प्रेमाने पुढ्यात ठेवायची.

‘‘थोरंसं खा गो बाय. वाटीभरच तं हाय.’’

आणि ते खरंच होतं. वाटीभरच होतं. प्रत्येक वेळी वाटीभरच. नियम कुणी मोडला नाही. फक्त मी रिकामी राहीना. सकाळच्या पाळीला गेलेला गोपीनाथ संध्याकाळी येऊन विचारायचा, ‘‘वाटीतूनच जेवलीस ना?’’ जया म्हणायची, ‘‘हो.’’ तो समाधानाने हातपाय धुवायला जायचा. मी फळीवरून ओरडत होते, अरे, कितीदा ते विचार! पण वाटीचा आवाज चमचा आपटला तरच निघतो.

जया नाही का म्हणत नव्हती? ऑपरेशननंतर पहिल्याच महिन्यात तिने एकदा गंगुबाईची खीर परत पाठवली होती. तेव्हा आळीत बोललं गेलं की जयाने पोट कापून घेतलं, आता तिला आमच्या हातचं चालत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? तेव्हापासून तिने एकही वाटी परत केली नाही.

वजन हळूहळू चढत गेलं. नव्वद किलो, मग शंभर. अठ्ठ्याण्णव साली एकशे नऊ. साखर परत आली, गुडघे परत बोलू लागले. ज्या बाया मला बघायला आल्या होत्या त्याच म्हणाल्या, एवढा खर्च पाण्यात गेला. जयाला आरशासमोर जायला नको वाटे. तिचा राग माझ्यावर निघाला. ती मला फळीच्या मागे ढकलायची, मग अर्ध्या तासाने स्वतःच शोधून काढायची. मी तरी काय करू? मापाला सगळे दोष देतात, भरणाऱ्या हाताला कुणी देत नाही.

शेवटी पुन्हा मुंबई. बेरियमचं पांढरं पाणी पाजून पोटाचे एक्स-रे काढले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. गोपीनाथ त्यांच्याआधीच बोलू लागला.

‘‘डॉक्टर, वाटीबाहेर एक घास खाल्लेला नाही तिने. मी साक्षीदार आहे. मग असं का झालं?’’

‘‘ती वाटी आणलीय का?’’

जयाने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. मी डुगडुगले. डॉक्टरांनी माझ्या कडेवर बोट ठेवलं.

‘‘दिवसातून ही किती वेळा भरते?’’

मित्रांनो, पाच वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होते तो हा. जयाने मला दोन्ही हातांत घेतलं.

‘‘चौदा,’’ ती म्हणाली. ‘‘सणाला जास्त.’’

‘‘चौदा?’’ गोपीनाथ खुर्चीतच वळला. ‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘तुम्ही कधी विचारलंत? वाटीतूनच खाल्लं का, एवढंच विचारायचात.’’ मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं. ‘‘भूक नसायची हो मला. नाही म्हणता येत नव्हतं.’’

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फिल्म तिच्या बाजूला वळवली. टाक्यांची रांग दोन ठिकाणी सुटली होती. ‘‘हे तुमच्या खाण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘टाके कधीकधी आपोआपही सुटतात. तो दोष स्वतःला लावून घेऊ नका. पुन्हा ऑपरेशन करता येईल. पण आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, म्हणून दुसऱ्या खेपेला काम कठीण आणि धोका जास्त. आणि एक लक्षात ठेवा, मी पोटाला टाके घालीन. तुमच्या आळीला घालू शकत नाही. दिवाळीनंतर विचार करून सांगा.’’

घरी आल्यावर जयाला कुठे बसू आणि कुठे उभी राहू असं झालं. ओट्याशी जायची, परत यायची. ऑपरेशन केलं आणि टेबलावरून उठलेच नाही तर? नाही केलं तर डॉक्टरांची पंचेचाळिशी समोर उभी होतीच. ती आता एकोणचाळीस वर्षांची होती. गोपीनाथ म्हणाला, ‘‘तू म्हणशील तसं करू.’’ त्यावर ती चिडली. ‘‘सगळं मीच म्हणायचं का?’’ मग तिलाच वाईट वाटलं. तिला दोन्हीची भीती वाटत होती आणि तिच्यासोबत मलाही.

एका सकाळी भागीरथीने नेहमीसारखी सुकटीची चटणी माझ्यात भरली. ‘‘गंगुबाईला धार,’’ म्हणाली, म्हणजे धाड. जयाने मला उचललं आणि स्वतः निघाली. गंगुबाई पायरीवर कोथिंबीर निवडत बसली होती.

‘‘काकी, ही वाटी मला रिकामी परत द्या.’’

गंगुबाई वेड्या पोरीला हसावं तशी हसली. ‘‘येरी झालीस का गो? माजे घरान्शी रिकामा भांडा कवा गेला नाय. माजे सासूनी शिकवलाय.’’

‘‘काकी, पाच वर्षं मी तुमची खीर खाल्ली. भूक होती म्हणून नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आता डॉक्टर परत पोट कापायचं म्हणतात. आणि नाही कापलं तरी मी वाचेन की नाही, ठाऊक नाही.’’

गंगुबाईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. तिचा चेहरा उतरला. ‘‘म्हंजे मी तुना इख घातला का?’’ एवढंच म्हणाली, जयाच्या हातातून मला घेतलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. जया बराच वेळ त्या दाराकडे बघत उभी असावी, कारण तिच्या पावलांचा आवाज मला फार उशिरा ऐकू आला.

मी तीन दिवस गंगुबाईच्या घरी राहिले. एवढी लांबण कधी लागली नव्हती. तिने मला घासलं, पुसलं. चिमूटभर साखर घातली, काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. नुसती रिकामी मला घेऊन दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरून मागे फिरली. सत्तरीची बाई, पण नव्या नवरीसारखी गोंधळली होती. तिकडे जया काय करत असेल याचा घोर मला लागलेला. आता आळी पुन्हा बोलणार, पुन्हा तोंडं फिरवणार, असंच मला वाटत होतं. फळीवर ठेवलेली असूनही मी डुगडुगत होते, कारण गंगुबाई येताजाता मला हात लावून जात होती.

चौथ्या दिवशी तिने परसातली अबोलीची दोन फुलं तोडली, माझ्यात ठेवली आणि आमच्या घरी आली. जया उठून उभी राहिली. भागीरथी चुलीजवळून बघत राहिली. गंगुबाईने मला जयाच्या हातात दिलं.

‘‘रिकामी नाय आनली,’’ ती म्हणाली. ‘‘पन ही खाव नको.’’

जया हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने एक फूल केसांत खोवलं, दुसरं माझ्यातच राहू दिलं. मग हळूच विचारलं, ‘‘काकी, मी परत टेबलावर झोपले तर दवाखान्यात याल?’’

‘‘येन.’’ गंगुबाईने पदराने नाक पुसलं. ‘‘रिकामे हातानी येन.’’

मित्रांनो, जिने जन्मात कुणाच्या उंबऱ्यावर रिकाम्या हाताने पाऊल ठेवलं नाही, तिचं हे बोलणं आहे. जयाचा निर्णय अजून झालेला नाही. दिवाळी जवळ आली आहे, फराळाची भांडी निघाली आहेत आणि माझं डुगडुगणं काही थांबलेलं नाही. पण जया आता नाही म्हणते आणि सध्या मी दिवसातून पाच वेळाच भरते. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वाटी असेल. ती कुणाच्या पुढ्यात ठेवाल तेव्हा आधी विचारा, भूक आहे का. नाही म्हणाला तर रुसू नका. वाटी परत घ्या आणि त्याच्याजवळ थोडा वेळ तसेच बसा.