वीस मिनिटांची चुकामूक

त्या काळी विमानांची वेळापत्रकं लोकरीच्या धाग्यांनी होत. इस्रायलमधल्या लोदच्या विमानतळावर दुसऱ्या मजल्याच्या एका खोलीत भिंतभर पांढरा पुठ्ठा ठोकलेला होता. आडवे सात पट्टे म्हणजे आठवड्याचे सात दिवस, उभ्या रेषा म्हणजे तास. कंपनी लहान, विमानं चारच, म्हणून लोकरीचे रंगही चार. निळा धागा लोदहून निघून रोमला पोचला की तिथे टाचणी लावायची, आणि तिथून तो परत लोदकडे ओढायचा. हेमदा लुस्तिग आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिची जुनी कंपनी हे काम संगणकाच्या पडद्यावर करते आणि पडदा चुका स्वतःच लाल करून दाखवतो. पण लोकरीचा गुंडा कुठे दिसला की तिची बोटं अजून टाचणी शोधतात.

हे काम तिला शिकवलं ग्रूनबाउमसाहेबांनी. ते मूळचे जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे. लोदच्या उन्हाळ्यातही अंगात जाकीट, आणि टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. बाकीची मंडळी एकमेकांना एकेरीत हाका मारत, पण त्यांना साहेब म्हटल्यावाचून कुणाच्या तोंडून शब्द फुटत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि शुक्रवारच्या पट्ट्यावर एक उभी रेघ ओढली.

"हे काय आहे, पोरी?"

"सूर्यास्त," हेमदा म्हणाली.

"सूर्यास्त. इथे शब्बाथ लागतो आणि उद्या संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत आपलं एकही विमान हलत नाही. आता याच्या अलीकडे दोन तासांवर दुसरी रेघ ओढ. शुक्रवारच्या शेवटच्या विमानाची चाकं या दुसऱ्या रेघेच्या आत जमिनीला लागली पाहिजेत."

"दोन तास कशाला? अर्धा तास पुरेल की."

"विमान उशिरा येतं. बॅगा उशिरा येतात. आपली हवाई सुंदरी राहते रेहोवोतला, आणि तिच्या आईने शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आत तिला घरी पोचायचं असतं. कंपनी माझी नाही, पण हे दोन तास माझे आहेत."

निळा धागा मंगळवारी आणि शुक्रवारी रोमला जाई. त्या धाग्याचं एक जुनं दुखणं होतं. ब्वेनोस आयरेसहून येणारं परक्या कंपनीचं विमान आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी साडेअकराला, रोमला उतरे. आपलं विमान रोमहून सुटे बारा दहाला. मधे चाळीस मिनिटं. एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढायला रोमच्या नियमाने एक तास हवा. वीस मिनिटांनी चुकामूक व्हायची. आणि शुक्रवारचं विमान चुकलं की पुढचं थेट रविवारी, तेही दुसऱ्या कंपनीचं, महागडं. अर्जेंटिनातली म्हातारी माणसं एवढ्यासाठी बेत रद्द करत. हेमदाची मावशी त्यांतलीच एक.

हेमदाची आई ब्रोन्या आणि मावशी मिर्ल पोलंडमधल्या ग्रोद्नोजवळच्या एका गावातून छत्तीस साली निघाल्या. एकीला हैफाच्या बोटीचं तिकीट मिळालं, दुसरीला ब्वेनोस आयरेसच्या. "वर्षभरात भेटू," असं बंदरावर ठरलं. त्याला एकोणपन्नास वर्षं झाली होती. मावशी आता विधवा, मूलबाळ नाही, बटणांचं एक दुकान. दोघी महिन्याला एक पत्र लिहीत आणि त्यात निम्मा मजकूर भांडणाचा असे.

पंच्याऐंशी सालच्या जुलैत ग्रूनबाउमसाहेब हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यायला रजेवर गेले आणि सप्टेंबरचं वेळापत्रक हेमदाने एकटीने केलं. त्या वर्षी एक नवीन भानगड होती. उन्हाळ्यात सरकारने देशाची घड्याळं तासभर पुढे केली होती. मोठे उपवास आणि पहाटेच्या प्रार्थना सोप्या जाव्यात म्हणून ती सप्टेंबरच्या मध्यावरच पुन्हा मागे यायची होती. युरोपची घड्याळं मात्र महिनाअखेरीस मागे येणार. एरवी रोमचं घड्याळ लोदच्या तासभर मागे असे; म्हणजे मधले दोन आठवडे लोदला जितके वाजले तितकेच रोमला वाजणार.

हेमदाने ते नीट लक्षात ठेवलं. लोदहून निघायची वेळ सकाळी आठ चाळीस, ती तिने तशीच ठेवली. साडेतीन तास उडून विमान रोमला पोचणार बारा दहाला, तासाभराने सुटणार एक दहाला, आणि लोदला उतरणार चार चाळीसला. आणि टाचणी लावता लावता ती थबकली. अर्जेंटिनाचं विमान साडेअकराला येतं. आपलं सुटतं एक दहाला. जोड जमते! वीस सप्टेंबरचा शुक्रवार, ज्यूंचं नववर्ष आणि प्रायश्चित्ताचा दिवस यांच्या मधला. तिने लाल रेघेकडे पाहिलं. सूर्यास्त सहा बेचाळीस, चार चाळीस दोन तासांच्या रेघेच्या आत. तिने वेळापत्रक छापायला पाठवलं आणि त्याच दिवशी मावशीला पत्र टाकलं.

ऑगस्टअखेर उत्तर आलं. "तिकीट काढलं आहे. ब्रोन्याला सांग, माझ्यासाठी कार्प मासा गोड करू नकोस, मिरपूड घाल, एकदा तरी माणसासारखा."

"बघ तिला!" आई ओरडली. "अजून आली नाही आणि स्वयंपाकघरात घुसली!" आणि ते पत्र तिने दिवसभर कमरेला खोचून ठेवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेमदा आईकडे जेवायला गेली. फ्रिजच्या दारावर किराणावाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं. प्रत्येक शुक्रवारच्या चौकोनात मेणबत्त्या लावायची वेळ छापलेली. आईने वीस तारखेभोवती निळं वर्तुळ काढलं होतं. वर्तुळात छापलं होतं, पाच बावीस.

हेमदाचा घास हातात राहिला. मेणबत्त्या लावतात सूर्यास्ताआधी वीस मिनिटं. पाच बावीस अधिक वीस, पाच बेचाळीस. भिंतीवर तर सहा बेचाळीस होतं.

तिने लोदचं घड्याळ हलवलं होतं, रोमचं गणित हलवलं होतं. भिंतीवरचा सूर्य मात्र उन्हाळ्याच्या घड्याळावरच राहिला होता. म्हणजे विमान सूर्यास्ताआधी दोन तास नव्हे, एकच तास आधी उतरणार. मेणबत्त्यांच्या आधी जेमतेम चाळीस मिनिटं. रोमला तासाचा उशीर झाला, तर शब्बाथ आकाशातच लागायचा, नाहीतर विमान तिकडेच अडकायचं.

"काय गं? खारट झालंय?" आईने विचारलं.

"नाही आई. छान झालंय."

बसने परत जाताना तिने दोन्ही बाजू मनात मांडल्या. चूक दुरुस्त करायची म्हणजे विमान सकाळी सात चाळीसला सोडायचं. मग ते रोमहून नेहमीसारखं बारा दहाला सुटणार आणि मावशीची वीस मिनिटांनी चुकामूक होणार. एकाहत्तर वर्षांची बाई रोमच्या बाकावर शुक्रवार ते रविवार बसणार, नाहीतर येणंच रद्द करणार. आणि गप्प बसलं तर? वेळापत्रक छापून झालं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन शुक्रवारांचा तर प्रश्न होता. विमानं काय रोज तासभर उशिरा येतात? दोन दिवस ती हा विचार मनात घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी ग्रूनबाउमसाहेब रजेवरून हजर झाले, आणि ते खुर्चीवर टेकायच्या आत ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. ते भिंतीजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल रेघ निरखली.

"सूर्य हलवायचा राहिला," ते म्हणाले.

"हो."

"या देशात राहून सूर्य विसरलीस. हे फक्त आपल्याच खोलीत होऊ शकतं. लंडनच्या माणसाला सूर्याशी काय देणंघेणं?" ते रागावले नव्हते, पण हसलेही नव्हते. "अर्जेंटिनाहून किती जणांनी ही जोड धरून तिकिटं काढलीत?"

"अकरा."

"त्यांत तुझं कोण?"

हेमदाची मान खाली गेली. "मावशी. आईची बहीण. एकोणपन्नास वर्षांनी येतेय."

"हं. आणि तू गप्प बसली असतीस तर मला कळलंही नसतं."

"कळलं असतं. तुम्हाला कळतंच."

"हर्नियानंतर नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. "बस. दोन तास माझे आहेत, ते मी देणार नाही. बारा दहाला आपण सुटणार. साडेअकरा ते बारा दहा, चाळीस मिनिटं. आता मला सांग, रोमला एक तास लागतो तो कशाला?"

"उतरायला, चालायला, तपासणीला, बॅगा हलवायला."

"चालायला किती?"

"पंचवीस मिनिटं. त्यांचं विमान एका टोकाला, आपलं दुसऱ्या."

"मग दोन्ही विमानं शेजारी उभी केली तर?"

हेमदाने भिंतीवरची रोमची टाचणी पाहिली. हे तिला सुचलं नव्हतं. तिने इतकी वर्षं धागे सरकवले होते, पण टाचणीच्या जागी खरी जमीन असते, तिथे बस असते, माणसं असतात, हे भिंतीपुढे बसून विसरायला होई.

रोमला कंपनीचा माणूस होता शालतिएल नावाचा. साहेबांनी फोन लावून तिच्या हातात दिला.

"शेजारी उभं करतो," शालतिएल तिकडून म्हणाला. "इथे विमानं उभी करायच्या जागा ठरवणाऱ्या बाबाला मी दर वर्षी जाफाची संत्री देतो, ती कधीतरी कामाला यायचीच. पण बाई, मी तुला माणसं देईन, बॅगा देणार नाही. माणसं पळतात, बॅगा पळत नाहीत."

"आणि जी माणसं पळत नाहीत?"

"वय काय?"

"एकाहत्तर. आणि हट्टी."

"चाकांची खुर्ची आणतो. हट्टी बायकांना खुर्चीत बसवायला मात्र वेगळा भत्ता लागतो."

वीस तारखेला हेमदा सकाळपासून टेलेक्सच्या यंत्रासमोर बसली. अकरा अडतीसला यंत्र खडखडलं: "अर्जेंटिना उतरलं. आठ मिनिटं उशीर." मग काहीच नाही. बारा वाजले. बारा दहा वाजले. ग्रूनबाउमसाहेब तिच्या मागे उभे राहून तीच पेन्सिल पुन्हा पुन्हा तासत होते. विमान थांबवून ठेवा असं ते म्हणणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिनेही विचारलं नाही. बारा तेराला यंत्र पुन्हा चालू झालं.

"सुटलं. माणसं अकरा. बॅगा शून्य. म्हातारीने मला छत्रीने मारलं."

साहेबांनी पेन्सिल टेबलावर तिच्या जागी ठेवली. "घरी जाऊन आईला घेऊन ये," ते म्हणाले. "आणि पोरी, ती चुकलेली लाल रेघ आता खोडून नवी ओढ. दोन्ही आठवड्यांची."

चाकं तीन त्रेचाळीसला जमिनीला लागली. आई कठड्याला धरून उभी होती. दारातून एक लठ्ठ बाई बाहेर आली, हातात फक्त पर्स आणि छत्री. तिने आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मिर्ल यिद्दिशमध्ये, त्यांच्या लहानपणीच्या भाषेत, म्हणाली, "ब्रोन्या, तू एवढीशी कशी झालीस?"

"आणि तू एवढी कशी झालीस? सगळ्या अर्जेंटिनाच्या गायी एकटीने संपवल्यास?"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि हेमदाने तोंड फिरवलं, कारण आईला रडताना तिने कधी बघितलं नव्हतं.

बॅगा रविवारी यायच्या होत्या. तोवर मावशीने आईचा घरातला झगा घातला. त्याचं एकही बटण लागेना. बटणवाली बाई आणि बटण लागत नाही, म्हणून दोघी हसत सुटल्या. पाच बावीसला आईने मेणबत्त्या लावल्या. मासा गोडच होता, आणि त्यावरून रात्रीपर्यंत वाद चालला.

मावशीचं परतीचं तिकीट नोव्हेंबरातलं होतं. तोवर युरोपची घड्याळं मागे आली होती, रोमची विमानं हिवाळ्याच्या वेळेला लागली होती, आणि अर्जेंटिनाचं विमान आता शुक्रवारऐवजी सोमवारी सुटत होतं. निघायच्या आठवडाभर आधी मावशीने हेमदाला स्वयंपाकघरात बोलावलं. आई भांडी पुसत होती, एकच थाळी दहा मिनिटं.

"रोमहून माझं विमान मिळतं का गं?" मावशीने विचारलं.

"रोमला तीन रात्री राहावं लागेल, मावशी."

"तीन रात्री! एकटीने! या वयात!" मावशीचा आवाज चढला, पण चेहरा उजळला होता. "ऐकलंस ब्रोन्या? जायला विमानच नाही. पोरगी स्वतः सांगते. वेळापत्रक तीच करते, तिला नाही कळणार तर कुणाला?"

आईने थाळी खाली ठेवली. "दुसरीकडून नसेलच का?" तिने हेमदाकडे बघत अगदी सावकाश विचारलं. "बघ नीट. तुझ्या त्या जाड पुस्तकात."

दुसऱ्या दिवशी हेमदाने ऑफिसात जगातल्या सगळ्या विमानांचं जाड पुस्तक उघडलं. झ्युरिकमार्गे विमान होतं. बुधवारी, तीन तासांचा थांबा, दोन्ही विमानं एकाच इमारतीत, कुणीही म्हातारं माणूस आरामात बदलेल असं. इतकी सुरेख जोड तिने त्या वर्षात दुसरी पाहिली नव्हती. ग्रूनबाउमसाहेब शेजारच्या टेबलावर बसले होते. त्यांनी उघडलेलं पान बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि आपल्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावायला लागले.

हेमदाने पुस्तक मिटलं आणि आईला फोन लावला.

"बघितलं आई. कुठूनही नाही."