दुधाळ नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. माणसाच्या आतले सत्य बाहेर काढणे हे माझे जीवितकार्य. म्हणजे रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन गरगर फिरायचे. जड ते तळाशी बसते, पिवळसर पाणी वर राहते. तपासणी केंद्रात मला 'भोवऱ्या' म्हणतात.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा लोक मला बघायला येत. आता झाकणाला चिकटपट्टी आहे आणि फिरताना मी कण्हतो. त्याहून वाईट म्हणजे मला भीती वाटते. कोणाच्या नळीत काय निघाले, हे सर्वांत आधी मला कळते आणि बोलायची सोय नाही.

एका सकाळी मला चालवणाऱ्या ताईंनी आपल्या धाकट्या भावाला ओढत आणले. तो क्रेन चालवतो. त्यांचे वडील याच वयात हृदय बंद पडून जेवता जेवता कोसळले होते.

"उपाशी आहेस ना रे?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही, ताई. सुई बारीक आहे ना?"

मी फिरलो, थांबलो. वरचे पाणी दुधासारखे पांढरे! निव्वळ चरबी. ताईंनी नळी उजेडाकडे धरून पाहिली. त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यातल्या काहींच्या पोटात चरबीचे थेंब भरले होते. असे पहारेकरी शत्रू सोडून घरच्याच भिंतींवर धावून जातात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात. माझ्या मोटारीला धडकी भरली.

"उपाशीपोटी ही दशा?" ताई भिंतीला टेकल्या. "बाबांसारखाच जाणार तू."

भावाचा चेहरा उतरला. "रडू नकोस गं. खाल्लं थोडं."

"थोडं म्हणजे?"

"लोण्यात तळलेली अंडी. चार. वर सायीचं दूध. भीती वाटली की मला भूक लागते, त्याला मी काय करू?"

"मेल्या! मी मनातल्या मनात तुला पोचवून आले!"

तुपकट खाल्ल्यावर काही तास रक्तात चरबी तरंगते, पहारेकरी ती गिळून चवताळतात, मग हळूहळू निवतात. मित्रांनो, त्यांना निवायला वेळ द्या. आणि तपासणीला खरेच उपाशी या. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लावू नका.

दुसऱ्या दिवशी भाऊ उपाशी आला. नळी स्वच्छ निघाली.

ताईंनी स्वतःचे रक्त अजून एकदाही तपासलेले नाही.