एका खेपेला एकच काम

मोफत दवाखान्यात दातांची डॉक्टरीण फक्त शनिवारी यायची. खुर्ची एक, रांग दारापर्यंत, आणि नियम पक्का: एका माणसाचं एका खेपेला एकच काम, पुढची वेळ दोन महिन्यांनी. आपली वेळ दुसऱ्याला देता येत नसे. पूर्वी देता यायची, तर लोक वेळा विकायला लागले होते. गरिबाला आधी गरीबच लुबाडतो, असं रांगेतल्या एका म्हातारीचं मत होतं. तसं म्हातारीचं कशावर मत नव्हतं, ते शोधावं लागलं असतं.

आज ती सुनेला घेऊन आली होती. तिला स्वतःला कवळीचं माप द्यायचं होतं. वर्षभर ती सगळं भिजवून गिळत होती. सुनेची दाढ सुजली होती आणि समोरचा दात अर्धा तुटला होता. सोमवारी कापडाच्या दुकानात तिची मुलाखत होती. काउंटरवरचं ते काम मिळालं, तर गोदामातली रात्रपाळी सुटणार होती.

सून आधी आत गेली. दार उघडंच होतं. नसतं तरी म्हातारीने ऐकलंच असतं.

"समोरचाच करा डॉक्टर. दाढेचं मी सोसेन."

"पू झालाय ताई. आज काढली नाही तर तापाने आडव्या पडाल."

"अहो, पण या तोंडाने मला काउंटरवर कोण उभं करणार?"

डॉक्टरीणबाईंनी सुई भरली. दाढ निघाली.

बाहेर म्हातारी चडफडत होती. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, हे हत्तीला परवडतं. माणसाला दोन्ही लागतात, आणि तेही सोमवारच्या आत.

तिचं नाव पुकारलं गेलं. गालात बोळा धरून सून भिंतीशी उभी होती.

"माझी वेळ हिला द्या," म्हातारी म्हणाली.

"तसं नाही करता येत आजी. उद्या दारात बाजार भरेल."

"बरं." म्हातारी खुर्चीत ऐसपैस बसली. "मग मला काय होतंय ते तरी विचारा."

"काय होतंय?"

"सुनेचा समोरचा दात."

मदतनीस फिसकन हसली.

"हसू नका. तो तुटल्यापासून ही माझ्याशी भांडत नाही. आधी एक बोलले की चार ऐकवायची. आता तोंड मिटून भांडी घासते. घर खायला उठतं हो मला."

"आई, नको," सून बोळ्याआडून म्हणाली. "तुमची कवळी..."

"तू गप्प बस."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"आजी, कवळीला आणखी दोन महिने लागतील."

"लागू देत."

"मग उठा. तुमचं जिथे दुखतंय, तिला बसू द्या."