अठ्ठावीस वर्षांची नळी

हॉस्पिटलात डॉक्टरांना सगळे मागून 'नळीवाले' म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोत होती. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, की आत साचलेलं बाहेर बाटलीत आणणारी एक नळी पोटात ठेवायचीच, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा नेम. फार पूर्वी एका पेशंटचं पित्त आतल्या आत गळत होतं, ते नळीनेच चव्हाट्यावर आणलं. तेव्हापासून नळी पेशंटच्या पोटात असे आणि झोप डॉक्टरांना लागे. सकाळी राउंडला आले, की ते आधी नळीच्या बाटलीत डोकावत. बाटलीची तब्येत बरी दिसली, की पुढच्या खाटेकडे वळत.

आता त्यांच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करणार होती त्यांची जुनी विद्यार्थिनी.

"नळी ठेवशील ना?" टेबलावर आडवं होता होता त्यांनी विचारलं.

"गरज दिसली तर ठेवीन, सर. साध्या केसमध्ये उपयोग काही होत नाही, दुखतं मात्र जास्त."

"अगं, आत काही गळलं तर कळणार कसं?"

"तुम्हाला बोलता येतं की, सर."

तेवढ्यात भूल चढली.

शुद्धीवर येताच हात उजव्या कुशीकडे गेला. नुसत्या पट्ट्या! डॉक्टरांनी डावी कूसही चाचपून पाहिली.

"अहो, काय चाचपताय?" बायको म्हणाली.

"नळी नाही गं!"

"नसू दे. एवढी वर्षं लोकांना लावलीत, हौस फिटली नाही का अजून?"

संध्याकाळी विद्यार्थिनी आली. बाटली नसल्यामुळे तिला पेशंटकडेच बघावं लागलं. स्टूल ओढून बसली. कुठे दुखतंय, मळमळतंय का, सगळं विचारलं. पोट हलक्या हाताने दाबलं. सकाळी पुन्हा आली, पुन्हा बसली. आपण कुणाच्या खाटेजवळ शेवटचं कधी बसलो होतो, हे काही केल्या डॉक्टरांना आठवेना. दुपारी ते आपल्या पायांनी घरी गेले.

महिन्याभराने कामावर परतले. पहिलंच पित्ताशय साधंसरळ निघालं. सिस्टरने सवयीने नळी पुढे केली. डॉक्टरांचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी आतली जागा पुन्हा दोनदा न्याहाळली. कोरडी होती.

"राहू दे," ते म्हणाले.

सिस्टर बघतच राहिली. "मग उद्या राउंडला काय बघणार, सर?"

डॉक्टरांनी टाक्यांच्या सुईसाठी हात पुढे केला.

"खाटेजवळ एक स्टूल ठेवा."