सरावाचे एक लाख अडतीस हजार

"स्क्रीनवर 'सराव' असं ठळक लिहून ठेव गं," प्रितीने तिच्या मैत्रिणीला, म्हणजे माझ्या मालकिणीला, सुरुचीला, बजावलं होतं. सुरुची हसली. "घरात मीच तर बघते. दुसरं कोण बघणार?"

मित्रांनो, मी सुरुचीचा कॉलेजपासूनचा लॅपटॉप. एक बिजागरी तुटकी, एक बटण बाळाने उपटलेलं. राहतो लालबागला, चाळीत. बाळंतपणात तिची नोकरी सुटली, तेव्हा नवं शिकावं म्हणून तिने माझ्यावर क्रिप्टोच्या बाजाराशी बोलून आभासी नाणी आपोआप घेणारा-विकणारा प्रोग्रॅम लिहिला. बोलायचं कसं, ते लायब्ररी सांगते. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. त्यात एक ओळ घातली की सरावाचा बाजार जोडला जातो. भाव खरे, पैसे खोटे. ती ओळ सुरुचीने आठवणीने घातली होती.

पण खरं सांगू? मी 'घे' म्हणतो, पलीकडून 'घेतलं' येतं. यात खोटं कुठलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

तिचे सासरे रघुवीर मसाल्याच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसत. एक लाखाचे एक लाख अडतीस हजार होताना त्यांनी पाहिले. एका सोमवारी ते घरीच राहिले.

"बाबा, कामावर नाही गेलात?"

"सोडलं. सत्तरीत मिरचीच्या गोणी किती दिवस मोजू? तुझं यंत्र कमावतंय ना! तू परत एखादं हापिस शोध, बाळाला मी बघतो."

सुरुचीने माझी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "अहो बाबा, ते पैसे खोटे आहेत. सरावाचे."

बाबांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "मगे तो आकडा एवढा वर कशाला चढला गो?"

मलाही तेच विचारायचं होतं.

बाबा दुकानात जाऊन आले. "घेतलं परत कामावर," म्हणाले. पण गुरुवारी सुरुची हळद आणायला गेली, तर त्यांच्या जागी दुसराच माणूस! तिने घरी अवाक्षर काढलं नाही. विचारावं, तर त्यांना लाज वाटेल. न विचारावं, तर जीव थाऱ्यावर नाही. मला उघडते आणि नुसती बसून राहते.

बाबा रोज साडेनऊला डबा घेऊन निघतात. संध्याकाळी डबा भरलेलाच परत येतो.

मित्रांनो, लालबाग-परळकडे आलात, तर कुठे बाकावर स्टीलचा डबा घेतलेले आजोबा दिसतात का, बघाल? आमचं नाव काढू नका. जेवलात का, एवढंच विचारा.