हत्तीच्या पोटातली सुई

मित्रांनो, आधी तुमची बोटं जरा मागे घ्या बरं. मी मुद्दाम टोचणार नाही, पण माझा भरवसा मलाच राहिलेला नाही. तुम्ही म्हणाल, सुईला कसली आलीय भीती? लोकच सुईला भितात! ती डॉक्टरांकडची सुई वेगळी, तिचं आमचं नातं नाही. मी शिवणाची सुई. बोटाएवढी लांब, कमरेत किंचित वाकलेली, नेढं ऐसपैस. दाभणाहून लहान आणि नेहमीच्या सुईहून मोठी, म्हणजे धड ना इकडची ना तिकडची. आता म्हातारपणी मला उशीची भीती वाटते, गादीची वाटते, आणि पाळण्याची तर इतकी वाटते की शेजारी कुणाचं बारसं आहे असं नुसतं कानावर आलं तरी मला कापरं भरतं. का, ते सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. काळ्या कागदात बहिणींना चिकटून मी निजले होते, एवढंच आठवतं. एक कोकणी बाई मालाडला आपल्या बहिणीकडे गेली होती. तिने तिथल्या बाजारात घासाघीस करून दुकानदाराचं डोकं उठवलं आणि आम्हाला मुलुंडला, मिठागर रोडवरच्या आपल्या खोलीत आणलं. तिच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली होती. बाईने शेजारपाजारच्या जुन्या साड्या गोळा करून गोधड्या शिवायला घेतल्या. त्या गोधड्यांत माझी एक बहीण मोडली, एक हरवली, एकीला गंज चढला. मी तेवढी टिकले.

बाई कामाला वाघीण होती, पण तिचा एक नेम होता. सुई कधी हातातून हातात द्यायची नाही. नव्या सुनेने, मालनने, पहिल्याच दिवशी मला तिच्यापुढे धरलं, तर बाई हात मागे घेऊन ओरडली, "सुई हातात देव नको गो! भांडणा होतत!" मग मालनने मला गोधडीत खुपसलं, गोधडी पुढे सरकवली आणि सासूने मला तिथून उचललं. तेव्हापासून त्या घरात हीच रीत पडली. काम संपलं की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात मला टोचून ठेवत. दर जानेवारीत माझं घर नवं होई. मला तर तो मोठा मान वाटायचा.

सासू गेली आणि गोधड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. मालनने मात्र हात रिकामे ठेवले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या रेवतीला सोबत घेतलं आणि दोघी मोबाइलवर बघून बघून लोकरीची खेळणी विणायला शिकल्या. ससे, कासवं, हत्ती. क्रोशाने अंग विणायचं, आत मऊ फायबर ठासायचं आणि कान, सोंड, शेपूट माझ्याकडून जोडून घ्यायचं. प्रदर्शनात बायका हत्तीला गालाशी धरून "अय्या, कित्ती गोड!" म्हणत. सुईला गोड कोण म्हणणार? पण माझी तक्रार नव्हती. एकही कान सुटलेला परत आला नाही, हे मला माहीत होतं.

माझा एक स्वभाव तुम्हाला आधीच सांगून ठेवते, मित्रांनो. मला थांबता येत नाही. मला कुणी मागून दाबलं की मी पुढे जाते. पुढे कापड आहे की लोकर, की आणखी काही, हे बघणं माझ्या हातात नाही. इतकी वर्षं त्याची मला कधी चिंता वाटली नव्हती, कारण मला दाबणारा हात जाणता होता.

त्या दिवशी सकाळी मालनच्या मांडीवर एक राखाडी हत्ती होता. घाटकोपरच्या श्वेता नावाच्या मुलीने तो सांगून करून घेतला होता. तिच्या चार महिन्यांच्या भाच्याचं लांबलेलं बारसं त्याच संध्याकाळी होतं, आणि आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा. हत्तीचे दोन्ही कान लावून झाले होते. पोट तेवढं उघडं होतं.

समोर ससा विणत बसलेली रेवती म्हणाली, "मालनताई, ती लांब सुई दे ना. याची शेपटी बसत नाहीये."

मालनने माझ्यातला दोरा तोडला. मला हातात द्यायचं नाही, म्हणून सवयीने हत्तीच्या उघड्या पोटात खुपसलं आणि हत्ती पुढे सरकवला. "घे."

नेमका तेव्हा दूध उतू गेल्याचा वास आला. रेवती धावत ओट्याकडे गेली. ती तिथेच आहे तोवर खालून हाका आल्या. श्वेता होती, रिक्षा उभी करून आलेली. मालनने हत्ती परत मांडीवर ओढला. रेवतीने मला उचललं असणार, असं तिला वाटलं. वरून आणखी मूठभर फायबर कोंबलं, दुसऱ्या सुईने पोट शिवलं आणि गाठ मारली. रेवती परत आली तेव्हा हत्ती जिना उतरत होता. सुई ताईलाच लागली असेल, असं समजून तीही गप्प बसली.

आणि मी आत होते.

मित्रांनो, अंधाराला मी भीत नाही. आम्हा सुयांचं अर्धं आयुष्य कापडाच्या आतच जातं. पण प्रत्येक वेळी आत गेलं की पलीकडून बाहेर यायचं असतं, आणि मागे दोरा असतो. त्या दिवशी माझ्या नेढ्यात दोरा नव्हता. मला मागे ओढून घेईल असं काहीच नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. मी ओरडले असते, पण सुईला तोंड कुठे असतं?

रिक्षात श्वेताने हत्ती पोटाशी धरला होता. खड्डा आला की ती त्याला घट्ट धरी, आणि मी फायबरमधून केसभर पुढे सरके. भांडुप गेलं असेल, विक्रोळी गेलं असेल, मला काही कळत नव्हतं. मी नुसती विनवत होते, हळू घ्या हो भाऊ, हळू घ्या.

घाटकोपरला, पंतनगरमधल्या श्वेताच्या घरी पोचलो तर केवढा गलबला! घुगऱ्यांचा वास, बांगड्यांचे आवाज, स्पीकरवर लावलेली गाणी. हत्ती या बाईकडून त्या बाईकडे जाऊ लागला. जी ती त्याला कौतुकाने दाबून बघे. "किती मऊ आहे गं!" जन्मभर जिला कुणी हातातून हातात दिलं नाही ती मी, त्या खोलीत दहा हातांतून फिरले आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग नाव ठेवायची वेळ झाली. श्वेता हत्ती छातीशी धरून पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात "कुर्रर्र" झालं. तुम्हाला माहीतच आहे, आत्याने कानात नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. त्यांनी घातले, हसून खिदळून, अगदी हौसेने घातले. आणि प्रत्येक बुक्क्यासरशी मी पुढे गेले. फायबर संपलं. माझं टोक लोकरीच्या टाक्याला येऊन टेकलं. टाका किंचित ताणला गेला. मिहिर, मिहिर, असं सगळ्या म्हणत होत्या, आणि ज्याचं नाव मिहिर ठेवलं होतं त्याच्या कुशीला श्वेताने तो हत्ती ठेवला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. सगळं आयुष्य मी पुढे जाण्यात घालवलं आणि त्या घटकेला देवाकडे एकच मागत होते, आता मला कुणी दाबू नये.

इकडे मुलुंडला काय झालं ते मला पुढे कळलं. मालनने ते इतक्यांदा सांगितलंय की माझं पाठ झालंय. दिवेलागणीला ती देवापाशी दिवा लावायला उठली आणि तिची नजर कॅलेंडरकडे गेली. कोपरा रिकामा. तिने खिडकीतून खाली हाक मारली, "रेवती, लांब सुई तुझ्याकडे राहिली का गं?"

"माझ्याकडे? तू दिलीसच कुठे?"

"दिली की. हत्तीच्या..."

तिचं वाक्य तोंडातच राहिलं. रेवती जिना चढून वर येईपर्यंत मालनने मोबाइल हातात घेतला होता. श्वेताला फोन लावला, पुन्हा लावला, लावतच राहिली. गाण्यांच्या आवाजात तिकडे कोण ऐकतंय? शेवटी वहीतला श्वेताचा पत्ता पाहिला, तयार असलेला दुसरा हत्ती पिशवीत घातला आणि दोघी रिक्षात बसल्या.

"हे बघ ताई," रेवती वाटेत म्हणाली, "सुईचं नाव काढू नको. रंग जातो म्हण, बदलून देतो म्हण, आणि गुपचूप घेऊन ये. एकदा बोभाटा झाला ना, की वाट लागली. लहान मुलाचं खेळणं आपल्याकडून पुन्हा कोण घेईल?"

ते वाक्य मालनने मनात घोळवलं असणार, कारण दारात पोचल्यावर तिच्या तोंडून तेच बाहेर पडलं. "तो हत्ती... त्याचा रंग जातो हो. हा दुसरा आणलाय. बदलून घेते."

तो आवाज मी आतून ओळखला. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण बाळाची आजी पाळण्याची दोरी न सोडता म्हणाली, "अहो, जाऊ दे रंग. पाळण्यात ठेवलेलं असं लगेच उचलायचं नाही. उद्या बघू. तुम्ही बसा, घुगऱ्या घ्या."

उद्या! मित्रांनो, मला एक क्षण पुढचा दिसत नव्हता, आणि ही बाई उद्याचं बोलत होती. तेवढ्यात बाळ कुशीवर वळलं. त्याने हत्तीची सोंड मुठीत धरली आणि तोंडाकडे ओढली.

मालन पुढे झाली. तिने आजीला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. पाळण्यात हात घालून एकेक बोट सोडवून हत्ती काढून घेतला. बाळाने भोकाड पसरलं. "अहो बाई, काय चाललंय हे?" आजी कडाडली. मालनने हत्ती दोन तळव्यांमध्ये धरला, सकाळी जिथे मला खुपसलं होतं त्याच जागी, आणि सगळं बळ लावून दाबला.

मी पुढे गेले. शेवटचा टाका ओलांडला आणि थेट तिच्या तळहातात रुतले.

तिने तळवे उघडले. राखाडी लोकरीवर लाल ठिपका उमटला होता. "सुई आहे," ती म्हणाली. "रंगाचं खोटं बोलले. सुई माझी आहे, माझ्याच हातून राहिली."

कुणीतरी गाणी बंद केली. बाळाच्या आईने मिहिरला उचलून दिव्याखाली नेलं. त्याची बोटं, काख, मानेची वळी, ओठांच्या आतलं सगळं तपासलं. त्याला ओरखडाही नव्हता. तरी तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून तपासलं. मी मालनच्या तळहातातच होते.

आजी म्हणाली, "बाई, सोन्याची सुरी असली तरी कुणी उरात खुपसून घेत नाही. उचला तुमचे हत्ती आणि चालत्या व्हा." तिचं काय चुकलं, सांगा. मालननेही तेच म्हटलं, "तुमचं बरोबर आहे," आणि ती निघाली. श्वेता रडत जिन्यापर्यंत आली.

पुढे बोभाटा व्हायचा तो झालाच. बरेच महिने मोबाइल मुका होता. रेवती चिडे, "तरी तुला सांगत होते!" मालन म्हणे, "सांगत होतीस खरी," आणि विणत राही. ठिपक्याचा तो हत्ती तिने धुतला नाही. तो फळीवर बसलाय, विणायला येणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असा. आता खेळणं देण्याआधी ती गिऱ्हाइकासमोर ते उघड्या तळव्यांत दाबून दाखवते. हळूहळू लोक परत येऊ लागलेत. त्यांत एकदा मिहिरची आई आली. तिने आपल्या हातांनी एक हत्ती सगळीकडून दाबून पाहिला, मालनच्या तळहाताकडे पाहिलं, आणि तो घेऊन गेली.

माझ्या नेढ्यात आता सदाकदा लांब लाल दोरा असतो. काम असो वा नसो. आणि त्या घरातली जुनी रीत मोडली आहे. बारशाहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मालनने मला उचललं आणि रेवतीपुढे तळहात पसरला, पट्टी बांधलेला. "घे. हातात घे."

रेवती दचकली. "ताई, भांडण होईल हां."

"होऊ दे. भांडण मिटवता येतं."

आणि खरंच, दोघी रोज भांडतात. कानाच्या मापावरून, लोकरीच्या रंगावरून, चहात साखर कुणी जास्त घातली यावरून. मी कॅलेंडरच्या कोपऱ्यातून ऐकते आणि मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!

पण भीती काही गेली नाही, मित्रांनो. ती जाईल असं वाटत नाही, आणि जाऊही नये. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. आमच्यासारख्या टोकदार वस्तू घरात असतातच, आणि आम्हाला थांबता येत नाही. आम्हाला कशात खुपसून विसरू नका, पुढे सरकवून निघून जाऊ नका. कुणाला द्यायचं असलं तर हातावर द्या, आणि समोरच्याच्या तोंडून "घेतली" ऐकू येईपर्यंत तुमची बोटं सोडू नका.